तिसरे कलम

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे, पण सोंगाचा नाही. पोलादी तारांची जाळी, मागे चामड्याच्या दोन गाद्या आणि डोक्यावरून जाणारे पट्टे, एवढेच माझे शरीर. बेसबॉलच्या सामन्यात फलंदाजाच्या मागे कॅचर उकिडवा बसतो आणि त्याच्या मागे वाकून पंच उभा राहतो. मी त्या पंचाच्या तोंडावर असायचो. ताशी नव्वद मैलांच्या वेगाने आलेला चेंडू बॅटची कड चाटून मागे उसळला की तो माणसाच्या नाकावर बसण्याऐवजी माझ्यावर बसायचा. आता काय करतो ते विचारू नका. काहीच करत नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या तारा एका बहिऱ्या म्हाताऱ्याने जोडल्या. गाद्या शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका घातला, मला स्वतःच्या तोंडावर धरले, खिडकीबाहेर बघितले आणि म्हणाली, "दिसतं की सगळं." मग तिने मला खोक्यात घातले. माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी तीच.

आयोवात मर्ल कुबिचेक नावाच्या माणसाने मला विकत घेतले, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. हिवाळ्यात तो धान्याच्या कोठारावर काम करी आणि उन्हाळ्यात आमच्या छोट्या व्यावसायिक लीगमध्ये पंच म्हणून उभा राही. घरी आल्यावर त्याने मला घालून बायकोला दाखवले. डोरीन खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, भाजत होती. तिने वळून पाहिले आणि म्हणाली, "अगदी पिंजऱ्यातलं अस्वल! तसाच बस, खायला घालते."

मर्लचे काम सांगायला सोपे होते. मैदानावर पाच कोनांची एक पांढरी रबरी पाटी असते. तिच्यावर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत, हवेत एक खिडकी आहे असे समजायचे. त्या खिडकीतून चेंडू गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या तळावर जातो. असे मैदानाच्या कोपऱ्यांवरचे तीन तळ गाठून पाटीवर परतला की एक धाव. खिडकी कोणालाच दिसत नाही. मर्लला ती माझ्या तारांमधून दिसायची.

सामन्याआधी तो प्रत्येक नव्या चेंडूला चिखल चोळून त्याची चकाकी घालवी, म्हणजे फेकणाऱ्याच्या बोटांतून तो निसटू नये. डावाच्या सुरुवातीला वाकून ब्रशने पाटी झाडी, पण झाडताना तोंड नेहमी प्रेक्षकांकडे. "ज्यांनी तिकीट काढलंय त्यांच्याकडे पाठ करायची नाही," असे तो नव्या पंचांना सांगे. तिसऱ्या रांगेत गावातला एक जाडा न्हावी बसायचा. तो दर सामन्यात बोंबलायचा, "मर्ल, अरे मिटलेला डोळा उघड! उघडा आहे तो कामाचा नाही!" माझ्या आत मर्ल गालातल्या गालात हसायचा. बाहेर कोणाला दिसायचे नाही. मला त्याच्या गालाची हालचाल गादीवर कळायची.

संघांचे प्रशिक्षक त्याच्याशी भांडायचे, पण मागे म्हणायचे, "याची खिडकी पहिल्या डावात जेवढी असते तेवढीच नवव्या डावात असते." पंचाला यापेक्षा मोठी पदवी नसते. अशी तीस वर्षे गेली. माझ्या गाद्या दोनदा बदलल्या. तारा त्याच राहिल्या.

मग एका जुलैमध्ये एक चेंडू थेट माझ्या डाव्या अंगावर बसला. मर्ल खाली कोसळला. तळाजवळचा दुसरा पंच टायरेल गेन्स धावत आला. टायरेल जॉर्जियाचा, मर्लहून पंचवीस वर्षांनी लहान, आणि गेली सहा वर्षे त्याचा जोडीदार.

"मर्ल, किती बोटं आहेत सांग!"

"तुझी का माझी?" मर्लने विचारले आणि उठून बसला.

त्याचे काही बिघडले नाही, पण माझी एक तार आत वाकली. घरी त्याने ती पकडीने सरळ करायचा खटाटोप केला. ती बरीचशी सरळ झाली, पूर्ण झाली नाही.

"नवा घे की," डोरीन म्हणाली.

"हा माझ्या तोंडाला बसलाय."

"तोंडाला बसलाय की तोंडावर बसलाय?"

मर्लने तिचे ऐकले नाही. मित्रांनो, तेव्हा मला फार बरे वाटले होते. आज वाटते, त्याने ऐकायला हवे होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या एका रविवारी दुपारी लीगचा शेवटचा सामना होता. आमच्या गावच्या संघातून एलाडिओ बेन्कोस्मे चेंडू फेकत होता. हा डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावाचा. वय एकतीस, म्हणजे या धंद्यात संध्याकाळच. त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी असा खाली वळायचा की फलंदाज हवेत बॅट फिरवून स्वतःच गरगरायचे. त्या दिवशी एका मोठ्या संघाचा माणूस, त्याला आपल्या संघात घ्यावे का, हे बघायला आला होता. वही उघडी ठेवून, चेंडूचा वेग मोजायचे यंत्र हातात धरून तो जाळीमागे बसला होता.

शेवटचा, म्हणजे नववा डाव. एलाडिओचा संघ एका धावेने पुढे. समोरच्यांचे दोघे बाद, पण तिन्ही तळांवर त्यांची माणसे. फलंदाजाचे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झालेले. पुढचा चेंडू खिडकीतून गेला तर सामना आणि चषक दोन्ही आपले. बाहेरून गेला तर सगळे एकेक तळ पुढे सरकणार, म्हणजे एक धाव फुकट आणि बरोबरी.

एलाडिओने चेंडू फेकला. तो उंचावरून आला, वळला आणि गुडघ्याच्या रेषेवर बाहेरच्या कडेला उतरला. त्या क्षणी तो माझ्या वाकड्या तारेआड गेला. पापणी लवेल इतकाच वेळ.

मर्लचा उजवा हात वर आला नाही. तो म्हणाला, "बॉल."

सगळे स्टेडियम उठून ओरडू लागले. प्रशिक्षक धावत आला, नको ते बोलला आणि मर्लने त्याला मैदानाबाहेर काढले. एलाडिओ दोन्ही हात डोक्यावर ठेवून आकाशाकडे बघत राहिला. त्याचा पुढचा चेंडू सरळ आला, मऊ आला, आणि पुढच्या फलंदाजाने तो पार कुंपणाला नेऊन लावला. सामना गेला. जाळीमागच्या माणसाने वही मिटली.

पंचांच्या खोलीत टायरेल फोन हातात घेऊन बसला होता.

"बघू नकोस," तो म्हणाला.

"दाखव."

"मर्ल, झालं ते झालं. हंगाम संपला. घरी जा, डोरीनच्या हातचं काहीतरी खा आणि झोप."

"टायरेल, दाखव."

मर्लने फोनवर त्या चेंडूचे चित्रण तीन वेळा पाहिले. चेंडू खिडकीतून गेला होता. चांगला दोन बोटे आतून. मर्ल उठला आणि मला हातात तसाच धरून खेळाडूंच्या खोलीत गेला. इतक्या वर्षांत त्या दारातून आत गेलेला पंच मी पाहिला नव्हता. एलाडिओ बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता.

"तो स्ट्राइक होता," मर्ल म्हणाला. "मी चुकलो."

"माहीत आहे," एलाडिओने मान वर केली नाही. "मीच फेकला होता. मला माहीत नसणार तर कोणाला?"

"मी लीगला तसं लिहून देतो."

"कशाला? तो माणूस गाडीत बसून गेलासुद्धा. बारा वर्षं आईला फोनवर सांगतोय, पुढच्या वर्षी, आई, पुढच्या वर्षी. आता तुझं पत्र वाचून दाखवू तिला?"

एलाडिओने दुसरा बूट काढला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "माझी वाट लावणारे पंच बरेच झाले. सांगायला आलेला तू पहिला. आता जा बाबा. मला रडायचंय, आणि तुझ्यासमोर नाही रडायचं."

एलाडिओ त्या आठवड्यात बानीला गेला आणि परत आला नाही.

त्या हिवाळ्यात मर्लने लीगला पत्र लिहिले. डोरीन शाळेच्या कचेरीत टायपिंग करायची, तिने ते टाइप केले. मी कोटाच्या खुंटीवर होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले. पहिल्या पानावर मर्लने त्या चेंडूची हकीकत लिहिली, कुठेही लपवाछपवी न करता. वाकड्या तारेचा उल्लेख मात्र केला नाही. मला वाचवले, की ते कारण त्याला फुसके वाटले, ठाऊक नाही. दुसऱ्या पानापासून त्याने नियमांत तीन बदल सुचवले. चेंडू फेकायला वीस सेकंदांची मुदत असावी, कारण सामने रेंगाळतात आणि लोक अर्ध्यातून उठतात. तळ थोडे मोठे करावेत, कारण पहिल्या तळावर पायावर पाय पडून दोघांचे घोटे मोडलेले त्याने पाहिले होते. तिसरे कलम सर्वांत लांब होते. प्रत्येक संघाला सामन्यात दोनदा दाद मागता यावी. कॅमेऱ्याने काय पाहिले ते पंचाच्या कानात हळूच सांगावे. मग पंचाने स्वतः पुढे होऊन, स्वतःच्या तोंडाने, चूक झाली असे सांगावे आणि निर्णय बदलावा.

डोरीनची बोटे थांबली. "हे 'स्वतःच्या तोंडाने' खोडू का? नियमात कोणी असं लिहितं का?"

"राहू दे," मर्ल म्हणाला. "नियम तेवढाच आहे. बाकीची नुसती यंत्रं आहेत."

फेब्रुवारीत लीगचे नवे अधिकारी प्रेस्टन हॅलॅम यांचा फोन आला. गोड बोलणारा माणूस. पत्राने आपण भारावून गेलो, असे ते म्हणाले. सर्व संघमालकांची बैठक आहे, तुम्ही या, आणि येताना तो मुखवटा आणा, लोकांना आवडेल. मर्लने नवा शर्ट घेतला. डोरीनने मला तेल लावून पुसले.

हॉटेलच्या सभागृहात हॅलॅम यांनी मला टेबलावर ठेवले आणि मर्लचे पत्र वाचले. पहिले पानच वाचले. ते मात्र सगळे वाचले, अगदी आवाज भरून येईल असे वाचले. मग पत्र खाली ठेवले आणि म्हणाले, "मंडळी, आपले सर्वांत जुने, सर्वांत प्रामाणिक पंच स्वतः सांगताहेत की माणसाच्या डोळ्यावर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा पुढच्या हंगामापासून प्रत्येक चेंडूचा निकाल यंत्र देईल. पंचाच्या कानात आवाज येईल आणि तो ते शब्द मोठ्याने म्हणेल."

"मी असं लिहिलं नव्हतं," मर्ल उभा राहून म्हणाला.

"पण चुका थांबाव्यात, हाच ना तुमचा हेतू?"

"थांबाव्यात नव्हे, साहेब. दुरुस्त व्हाव्यात."

"तेच ते, मर्ल, तेच ते," हॅलॅम हसले आणि टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांनी वाजवल्या. मर्ल उभाच होता. लोकांना वाटले, तो मानवंदना घेतो आहे.

बाहेर बर्फात टायरेल त्याची वाट बघत होता. कोणीतरी त्याला आधीच कळवले होते.

"कोणी सांगितलं होतं तुला शहाणपण?" तो म्हणाला. "मनाला लागलं तर चर्चमध्ये जाऊन कबूल करायचं होतंस. लीगला कसलं लिहितोस? आमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय दिलास तू, मर्ल. आणि वर सही केलीस."

"पूर्ण पत्र वाच तरी."

"पूर्ण पत्र कोण वाचतं रे?"

त्यानंतर जुन्या पंचांपैकी कोणाचाही फोन घरी आला नाही. नाताळची भेटकार्डेही दोन-तीनच आली.

पुढचा हंगाम मर्ल कानात यंत्राचा आवाज ऐकवणारी गुंडी घालून उभा राहिला. यंत्र म्हणे "स्ट्राइक", मर्ल म्हणे "स्ट्राइक". यंत्र म्हणे "बॉल", मर्ल म्हणे "बॉल". खिडकी बघायची गरज नव्हती, तरी तो प्रत्येक चेंडूला पूर्वीसारखाच वाकायचा. दुखऱ्या गुडघ्यांनी वाकायचा. का, ते मी त्याला विचारू शकत नव्हतो.

जूनमध्ये एकदा चेंडू खिडकीची खालची कड कशीबशी चाटून, पाटीच्या मागे मातीत आपटला. धूळ उडाली. कानात आवाज आला, "स्ट्राइक." मर्लचा हात वर जाईना. त्याचा जबडा माझ्या गादीवर घट्ट दाबला गेला. मग हात वर गेला. तिसरा स्ट्राइक होता. फलंदाज बाद.

"अरे, उंदीर मेला असता त्या चेंडूने!" फलंदाज किंचाळला. "तुला डोळे आहेत ना?"

"आहेत," मर्ल हळूच म्हणाला. "त्यांना कोणी विचारत नाही."

पुढच्या रांगांतले लोक हसले. मी तिसऱ्या रांगेकडे कान लावला. न्हाव्याच्या शिवीची मला अशी आस कधी लागली नव्हती. तो नेहमीच्या जागी होता, हातात हॉट डॉग होता. तो ओरडला नाही. शेजाऱ्याला म्हणाला, "बिचारा."

मित्रांनो, त्या एका शब्दाने जेवढे लागले तेवढे मला त्या जुलैतल्या चेंडूनेही लागले नव्हते.

हंगाम संपल्यावर कचेरीतल्या एका मुलीने फोन करून सांगितले की पुढच्या वर्षी मर्लची गरज नाही. कानातले शब्द म्हणायला तीस वर्षे मुरलेला माणूस कशाला लागतो? त्यांनी महिन्याभराच्या शिक्षणावर नवी माणसे घेतली होती. त्याच फोनमध्ये तिने विचारले, स्टेडियमच्या दारात जुन्या वस्तूंचे कपाट करतो आहोत, मुखवटा द्याल का?

"देऊ नकोस," डोरीन म्हणाली. "तुला नको, तर तुझं सामान तरी कशाला हवंय त्यांना?"

"खुंटीवर ठेवून काय करू त्याचं? येता-जाता बघत बसतो नुसतं."

त्याने माझ्या गाद्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि मला खोक्यात घातले. माझ्याखाली हॅलॅम यांनी पाटी लावली: "यंत्रापूर्वीच्या काळातील मुखवटा. तेव्हा पंच अंदाजाने निर्णय देत."

अंदाजाने! हजारो दुपारी, लाखो चेंडू, आणि अंदाजाने.

दोन वर्षे गेली. मातीत आपटलेल्या स्ट्राइकना लोक विटले. मग हॅलॅम यांनी नवा नियम आणला आणि वर्तमानपत्रात आपला फोटो छापून घेतला. पंच पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी निर्णय देणार, प्रत्येक संघाला दोनदा दाद मागता येणार. होय, मर्लचेच तिसरे कलम. नाव मात्र कुठेच नव्हते. पहिल्या सामन्याला मर्ल आणि डोरीन तिकीट काढून आले. पाटीमागे टायरेल उभा होता. मधल्या काळात त्यालाही काढले होते, आता परत बोलावले होते.

माझ्या कपाटातून मैदान आणि त्यावरचा मोठा पडदा तिरका दिसतो. पहिली दाद मागितली गेली आणि ढोल वाजू लागले. पडद्यावर टायरच्या दुकानाची जाहिरात आली. लोक टाळ्यांच्या ठेक्यावर आकडे मोजू लागले. मग चेंडूचे भलेमोठे चित्र आले, खिडकीच्या बाहेर, आणि सगळे स्टेडियम एका सुरात ओरडले, "चुकला!" टायरेल गुडघ्यांवर हात ठेवून मातीकडे बघत होता. त्या दुपारी तो तीनदा चुकला. तीन वेळा ढोल वाजले, तीन वेळा टायर विकले गेले.

सामन्यानंतर मर्ल आणि टायरेल माझ्यासमोर भेटले. तीन वर्षांनी.

"नियम चांगला आहे तुझा," टायरेल म्हणाला. त्याने पूर्ण पत्र कधीतरी वाचले होते तर. "फक्त त्यात माणसाने कुठे उभं राहायचं ते राहून गेलं."

"राहिलं नव्हतं. लिहिलं होतं मी. हळूच सांगावं, मग त्यानं स्वतःच्या तोंडाने सांगावं."

"ते नाही घेतलं त्यांनी."

"तेच तर होतं त्यात."

डोरीनने पाटी वाचली. मग पर्समधून पेन काढून काचेवर काही लिहू लागली, पण काचेवर शाई उमटेना. मर्लने तिचा हात धरला आणि दोघे गाडीकडे गेले. त्यानंतर मर्ल स्टेडियमवर आला नाही.

मित्रांनो, आमच्या जातीच्या गोष्टींत शेवटी काही मागायची रीत आहे. गंजू देऊ नका, फेकू नका, असे काहीतरी. मला गंजाचे भय नाही. खेळाचे नियम बदला, जरूर बदला. ते बदलायलाच हवे होते, हे मर्लनेच सांगितले होते. पण आपण होऊन "मी चुकलो" म्हणत जो दारात येतो, त्याला सांभाळा. त्याचे पत्र शेवटपर्यंत वाचा. त्याला तुम्ही कसे वागवता हे बाकीचे सगळे बघत असतात.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. सामना संपत आला होता आणि फेकणाऱ्या संघाची दोनदा दाद मागून झाली होती. टायरेलने एक चेंडू बॉल ठरवला, त्यावर फुकटची धाव गेली आणि ते हरले. पडदा गप्प राहिला, कारण विचारायला कोणी उरले नव्हते. सामन्यानंतर टायरेल माझ्यासमोरून बाहेर निघाला, तेव्हा चेंडू फेकणारा त्याच्यामागे धावत आला. केन्सासचा होता, घामाने थबथबलेला.

"मला फक्त खरं सांग," तो म्हणाला. "आता काही बदलणार नाही, मी कुठे जाऊन सांगणार नाही. होता ना तो स्ट्राइक?"

टायरेल थांबला. तीस वर्षे मी एका पंचाच्या तोंडावर होतो, चेंडू कसा गेला हे माहीत असलेला जबडा कसा आवळतो ते मला कळते. टायरेलचा जबडा तसाच आवळला होता. त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्याखालची पाटी पाहिली.

"मला दिसला तसा सांगितला," तो म्हणाला आणि गाडीच्या किल्ल्या काढत चालू लागला.